वाटाड्या आहे, पण वाटेची हमी कोणाची?

हरसूल व आसपासच्या गावपाड्यांतील काही बौद्ध कुटुंबांनी लुंबिनीस जाण्याचा बेत केला आहे. यात्रा कंपनीचे हँडबिल हाती आले, माणशी रक्कम ठरली, काहींनी इसारही देऊन टाकला. मग घरोघर वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणतो, नेपाळात संसद जळाली, जळगावकरांची बस नदीत गेली, असल्या देशात म्हाताऱ्या आईबापांना नेणे हा वेडेपणा होय. दुसरा पक्ष म्हणतो, कंपनीचा गाईड घरापासून घरापर्यंत बरोबर आहे, मग भय कसले? या वादात आमचे मत विचारण्यात आले आहे. प्रश्न जीविताचा आहे, वर्षानुवर्षे पै-पै साठविलेल्या पैशाचाही आहे. तेव्हा केवळ 'जा' किंवा 'जाऊ नका' असे एका शब्दाचे उत्तर देणे आम्हांस योग्य वाटत नाही.

वाचकहो, दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांत एकेक दोष आहे. पहिला पक्ष संपूर्ण देशाला एकच तराजू लावतो. दुसरा पक्ष वाटाड्याला विमा समजतो. हे दोन्ही दोष उघड करून दाखविण्यास जळगावच्या त्या दुर्दैवी बसचेच उदाहरण पुरेसे आहे.

२३ ऑगस्ट २०२४ रोजी नेपाळच्या तनहुँ जिल्ह्यात एक भारतीय बस मर्स्याङ्दी नदीच्या पात्रात कोसळली. तीत जळगाव जिल्ह्यातील, मुख्यतः वरणगाव-भुसावळ भागातील यात्रेकरू होते. सत्तावीस माणसे मेली. एकेका घरातील कित्येक माणसे एकाच वेळी गेली. मृतदेह आणण्यासाठी भारतीय वायुसेनेचे विमान धाडावे लागले. ही यात्रा संघटित होती. बसगाड्या ठरलेल्या होत्या, मुक्काम ठरलेले होते, सोबत माहितगार माणसेही होती. तरीही जे व्हावयाचे ते झाले. म्हणून दुसऱ्या पक्षाने एवढे तरी मान्य करावे की, बरोबर कोणी असणे ही गोष्ट दरडीस, नदीस आणि निसरड्या वळणास ठाऊक नसते.

आता पहिल्या पक्षाने नकाशा उघडावा. ती बस पोखऱ्याहून काठमांडूस चालली होती. हा डोंगरांतील, नदीकाठच्या कड्यांवरून जाणारा रस्ता आहे. त्याच वर्षी १२ जुलै रोजी चितवन जिल्ह्यात सिमलताल येथे दरड कोसळून दोन प्रवासी बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या, त्यांतही काही भारतीय होते. पण लुंबिनी या डोंगरांत नाही. ती तराईच्या सपाट मैदानात आहे. उत्तर प्रदेशातील सोनौलीची सीमा ओलांडली की तीस किलोमीटरांच्या आत अशोकस्तंभ दिसतो. गोरखपूरपासून सोनौली सुमारे शंभर किलोमीटर, आणि नाशिकरोडहून गोरखपूरला थेट रेल्वे आहे. याचा अर्थ असा की, ज्या स्थळासाठी आपण पैसा साठविला त्या स्थळास जाण्यासाठी मर्स्याङ्दीचा काठ पाहण्याची गरजच नाही. तो काठ हँडबिलाच्या दुसऱ्या पानावर येतो: 'तसेच पोखरा, काठमांडू, मनोकामना, निसर्गसौंदर्य.' यात्रेची किंमत वाढविणारी ही पुरवणी असते, आणि यात्रेतील बहुतेक धोकाही त्या पुरवणीतच असतो. 'नेपाळ सुरक्षित आहे काय?' हा प्रश्न सोडून द्यावा व 'कोणता रस्ता, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी?' असे विचारावे. या प्रश्नाला उत्तर मिळू शकते.

महिन्याविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. वरील दोन्ही अपघात पावसाळ्यातील आहेत. नवदीक्षित कुटुंबांस वर्षावास हा शब्द आता परिचित झाला आहे. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एका जागी राहावे, असा विनयाचा नियम आहे. त्याचे कारण उगवत्या पिकांची व बारीक जीवजंतूंची तुडवण होऊ नये हे होते, बसगाडीचे नव्हते. तरीही हिमालयाच्या पायथ्याशी जाणाऱ्या यात्रेकरूंनी तो नियम स्वतःस लावून घेतला तर त्यांचे काही बिघडणार नाही. दुसरीकडे, डिसेंबर-जानेवारीत तराईत व पूर्व उत्तर प्रदेशात दाट धुके पडते. पहाटेच्या वेळी दहा पावलांवरचा ट्रक दिसत नाही. दिवाळीनंतरचे काही आठवडे व फेब्रुवारी-मार्च हा काळ त्यातल्या त्यात बरा. शाळेला सुट्टी नाही, द्राक्षाच्या कामाची घाई आहे, ही अडचण आम्ही जाणतो. पण मजुरीचे चार दिवस आणि आईचा जीव यांची तुलना कोणी करू नये.

काठमांडूचीही ओढ अनेकांस असते आणि ती समजण्यासारखी आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब तेथे गेले होते, परिनिर्वाणापूर्वी अवघे काही दिवस. ज्यांना ते शहर पाहावयाचेच आहे त्यांनी कोरड्या ऋतूत, दिवसाउजेडी जावे, अथवा भारतातून थेट विमानाने जावे. नेपाळातील अंतर्गत डोंगरी विमानप्रवास मात्र निराळा समजावा. २९ मे २०२२ रोजी पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले लहान विमान पडले, त्यात ठाण्याच्या एकाच कुटुंबातील चौघे होते. १५ जानेवारी २०२३ रोजी पोखऱ्याजवळच दुसऱ्या विमानातील सर्वच्या सर्व बहात्तर माणसे मेली. युरोपीय संघाने तर २०१३ सालीच नेपाळी विमान कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली होती.

येथवर रस्ता, ऋतू, वाहन यांचा विचार झाला. हे धोके असे आहेत की जाणता मनुष्य ते कमी करू शकतो. गाईडचा खरा उपयोग येथेच आहे. हरसूलच्या घाटात पावसाळ्यात ओहोळाला पाणी चढले की गावचा वाटाड्या स्वतः थांबतो आणि मागच्यांनाही थांबवितो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. यात्रा कंपनीच्या गाईडला हा अधिकार आहे काय? पुढच्या मुक्कामाच्या खोल्यांचे पैसे आधीच भरलेले आहेत, बस दिवसाच्या भाड्यावर आहे, परतीच्या गाडीची तिकिटे काढलेली आहेत. अशा वेळी 'आज पुढे जाणार नाही' असे म्हणण्याची त्याची छाती आहे काय, आणि तसे म्हटल्यास जादा मुक्कामाचा खर्च कोणी सोसावयाचा? हा प्रश्न इसार देण्यापूर्वी विचारावा. ज्याला थांबविण्याचा अधिकार नाही तो नुसता हजेरी घेणारा कारकून होय.

किंबहुना आम्ही याहून पुढे जाऊन म्हणतो की, वाईट रीतीने आखलेली यात्रा धोका वाढविते. बारा दिवसांत चौदा स्थळे दाखविण्याचे वचन दिले की रात्री गाडी हाकावी लागते. एकच चालक असेल तर तो पेंगतो. पन्नास माणसांचा जथा एका हॉटेलात, एका बसमध्ये, एका वेळापत्रकाने बांधला गेला की एकट्या माणसास जे सहज करता येते, म्हणजे मागे फिरणे, तेच त्यांस करता येत नाही.

दुसऱ्या जातीचे धोके असे आहेत की ज्यांपुढे वाटाड्या आणि यात्रेकरू दोघेही सारखेच हतबल असतात. बौद्ध यात्रेकरूंस तर हे विशेषत्वाने सांगितले पाहिजे. कारण आमची श्रद्धास्थाने कित्येकदा इतरांच्या लढाईची रणभूमी ठरली आहेत. श्रीलंकेतील अनुराधपूर येथे, श्री महाबोधी वृक्षाच्या परिसरात व शहरात, १४ मे १९८५ रोजी लिट्टेच्या बंदूकधाऱ्यांनी १४६ जणांना ठार मारले. त्यांत उपासक होते, भिक्खूही होते. २५ जानेवारी १९९८ रोजी कँडीच्या दंतधातू मंदिरावर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळविण्यात आला. ते युद्ध मे २००९ मध्ये संपले, शांतता आली, यात्रेकरू पुन्हा जाऊ लागले. २०१९ साली पाहण्याजोग्या देशांच्या यादीत एका जगप्रसिद्ध प्रवास-प्रकाशनाने श्रीलंकेस पहिले स्थान दिले. आणि त्याच वर्षी २१ एप्रिलला कोलंबोतील तीन मोठी हॉटेले व तीन चर्चे यांत स्फोट होऊन अडीचशेहून अधिक माणसे मेली, त्यांत अकरा भारतीय होते. हल्ल्याची आगाऊ सूचना सरकारी यंत्रणेस मिळाली होती व ती दुर्लक्षिली गेली. पुढे जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्षांस या हयगयीबद्दल दहा कोटी श्रीलंकन रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. त्या सकाळी हॉटेलात न्याहारीस बसलेल्या पाहुण्याला काय कळणार, आणि त्याच्या गाईडला तरी काय कळणार?

आपल्या देशातही हे घडलेले आहे, हे विसरू नये. ७ जुलै २०१३ रोजी बोधगयेच्या महाबोधी विहारात बाँब फुटले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ सव्वीस निरपराध माणसे मारली गेली, त्यांत सहा महाराष्ट्रातील होती.

मग अशा धोक्याचा अदमास घ्यावयाचाच नाही काय? घ्यावयाचा, परंतु तो वेगळ्या मापाने. येथे विचारावयाचे ते असे: संकट आलेच तर बाहेर कसे पडणार? सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात तरुणांचे आंदोलन पेटले. ८ तारखेस गोळीबारात माणसे मेली. ९ तारखेस संसद भवन, सिंहदरबार, सर्वोच्च न्यायालय यांस आगी लागल्या, पंतप्रधानांनी राजीनामा दिला, काठमांडूचा विमानतळ बंद झाला. काठमांडूतील एका हॉटेलास लागलेल्या आगीतून सुटताना एक भारतीय यात्रेकरू स्त्री मरण पावली. महाराष्ट्रातील अनेक प्रवासी अडकून पडले. त्या दोन दिवसांत काठमांडूतील प्रवाशास विमानाखेरीज दुसरी सोपी वाट नव्हती आणि तीच बंद होती. लुंबिनीच्या बाजूची सीमेवरील वाहतूकही विस्कळीत झाली. पण सीमा एका तासाच्या वाटेवर असणे आणि एका पर्वतरांगेपलीकडे असणे यांत मोठे अंतर आहे.

याच मापाने बामियानचा विचार करावा. मार्च २००१ मध्ये तालिबानने तेथील दोन महाकाय बुद्धमूर्ती सुरुंगाने उडविल्या. त्या रिकाम्या कोनाड्यांसमोर उभे राहावे असे आपल्या तरुणांपैकी काहींस वाटते, आणि गाईडसह अफगाणिस्तान दाखविणाऱ्या परदेशी सहल कंपन्याही निघाल्या आहेत. १७ मे २०२४ रोजी बामियानच्या बाजारात अशाच एका मार्गदर्शित सहलीतील तीन स्पॅनिश पर्यटक व काही अफगाण माणसे गोळ्या घालून मारण्यात आली. तेथे वाटाड्या होता, दुभाष्या होता, राज्यकर्त्यांची अनुज्ञाही होती. जखमींना योग्य उपचारासाठी दूर काबूलपर्यंत न्यावे लागले. ज्या ठिकाणी हल्ला होऊ शकतो आणि शस्त्रक्रिया होऊ शकत नाही, तेथे गाईडचा अनुभव कितीही वर्षांचा असला तरी आम्ही 'जाऊ नका' असेच म्हणू. ब्रह्मदेशाचेही तसेच. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रामुळे आपल्या जिल्ह्यातील अनेकांस त्या देशाविषयी आपुलकी आहे. परंतु १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तेथे यादवी पेटली, आणि २८ मार्च २०२५ च्या भूकंपाने मंडाले-सागाइंग भाग उद्ध्वस्त केला. श्वेडगॉनचे दर्शन थांबू शकते.

परराष्ट्र मंत्रालय अशा देशांविषयी सूचना काढते. त्या वाचण्याचीही रीत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रालयाने ब्रह्मदेशातील राखाइन प्रांतात जाऊ नका असे नाव घेऊन सांगितले. प्रांताचे नाव असलेली, तारीख असलेली सूचना मोलाची असते; 'सावध राहावे' असे मोघम शब्द फारसे काही सांगत नाहीत. आणि सूचना नाही म्हणून धोका नाही, असे अनुमान तर कधीच काढू नये. पावसाळ्यातील मर्स्याङ्दीच्या वळणाविषयी कोणती वकिलात पत्रक काढणार?

आता कायद्याकडे वळू. कारण येथे आमच्या माणसांचे सर्वांत अधिक नुकसान होते आणि ते टाळता येण्यासारखे असते. यात्रा नेणारा पुष्कळदा आपल्याच वस्तीतील, आपल्याच विहारातील कार्यकर्ता असतो. त्याच्याकडे पावती मागणे लोकांस अप्रशस्त वाटते. 'आपला माणूस आहे, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवावा?' असे म्हणून हजारो रुपये हातोहात दिले जातात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याखाली मोबदला घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागता येते. विनामूल्य दिलेली सेवा त्या कायद्यातून स्पष्टपणे वगळलेली आहे. उद्या काही विपरीत घडले तर तोच आपला माणूस आयोगापुढे म्हणेल की, मी एक पैही नफा घेतला नाही, केवळ सर्वांचे पैसे गोळा करून बसवाल्यास दिले. पावती नसेल तर त्याचे म्हणणे खोडणार कसे? पावती मागणे हा अविश्वास नाही. प्रामाणिक संयोजकाचेही तिच्यामुळे रक्षण होते.

पावतीबरोबर हँडबिल जपून ठेवावे. न्यायालयात ते वचननामा म्हणून दाखविता येते. 'अपघात, आजार, दंगल यांस संयोजक जबाबदार राहणार नाही' असे त्यावर बारीक अक्षरांत छापलेले असले म्हणून घाबरून जाऊ नये. छापील अटीने निष्काळजीपणा धुऊन निघत नाही. ग्राहकाचे हक्क अन्यायाने हिरावून घेणाऱ्या कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याची तरतूद याच कायद्यात आहे. सेवेतील त्रुटीची तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. कंपनी मुंबईची असो वा गोरखपूरची, हरसूलच्या माणसास नाशिकचा जिल्हा आयोग मोकळा आहे. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही पाहतो त्या हँडबिलांपैकी एकावरही कधी छापलेली दिसत नाही. भारतीय बसचा मोटार विमा साधारणतः भारताच्या हद्दीपुरता असतो. नेपाळसाठी जादा हप्ता भरून त्याची भौगोलिक मर्यादा वाढवून घ्यावी लागते. ती वाढविलेली नसेल तर सोनौलीची कमान ओलांडताच बस विम्याच्या बाहेर गेली असे समजावे. मग परदेशातील अपघाताचा दावा येथील मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालतो की नाही या वादात वारसांची वर्षे जातात. म्हणून संयोजकाकडे बसच्या विमापत्राची नक्कल मागावी व तीत नेपाळचे नाव आहे काय ते डोळ्यांनी पाहावे. वाचता येत नसेल त्याने वाचता येणाऱ्यास दाखवावे. प्रवाशांचा स्वतंत्र प्रवास विमा काढला असे सांगितले जाईल, तर त्यातही काय वगळले आहे ते पाहावे: युद्ध व दंगल बहुधा वगळलेली असते, जुना रक्तदाब-मधुमेह वगळलेला असतो, आणि वयाची मर्यादा असते. ज्या साठी-सत्तरीच्या माणसांसाठी यात्रा काढली त्यांचाच विमा नाही, असा प्रकार घडू शकतो.

नवदीक्षित कुटुंबांची एक खास अडचण येथेच सांगून ठेवतो. दीक्षेनंतर कित्येकांनी नाव किंवा आडनाव बदलले आहे. मतदार ओळखपत्रावर एक, आधारवर दुसरे, बँकेच्या पुस्तकावर तिसरे. नेपाळात जाण्यास भारतीय नागरिकास व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते, परंतु प्रौढ माणसाचे नुसते आधारकार्ड पुरेसे धरले जात नाही. यादीतील नाव आणि ओळखपत्रातील नाव जुळले नाही तर सीमेवर खोळंबा होतो. तो खोळंबा सोसता येईल. पण विमापत्रावरील नाव जुळले नाही तर विधवेस व मुलांस हेलपाटे पडतात. नावबदलाचे राजपत्र काढलेले असल्यास त्याची नक्कल सामानात न ठेवता घरी ठेवावी, आणि दुसरी बरोबर न्यावी.

शेवटी, जे बोलले जात नाही ते बोलतो. यात्रेला न गेलेला मनुष्य कच्चा बौद्ध, अशी एक कुजबुज काही ठिकाणी सुरू झाली आहे. शेजारी गेला म्हणून कर्ज काढून जाणारे आहेत, गुडघे धरलेल्या आजीला बळेच नेणारे आहेत. बावीस प्रतिज्ञांत यात्रेची प्रतिज्ञा नाही. चार महास्थानांचे दर्शन श्रद्धावंताने घ्यावे असे सुत्तांत सांगितले आहे खरे. न घेतल्यास दोष लागतो असे कोठे सांगितलेले आम्हांस ठाऊक नाही. हरसूलहून एस.टी.ने नाशिकला उतरले की त्रिरश्मी लेणी आहेत. ज्यांच्या अंगात बळ नाही त्यांनी तेथे जावे, आणि इतरांनी त्यांस कमी लेखू नये.

हरसूलच्या कुटुंबांस आमचा सल्ला असा. हँडबिलात आहे तशी बारा दिवसांची यात्रा स्वीकारू नये. पोखरा व काठमांडू गाळून कुशीनगर, लुंबिनी, सारनाथ, बोधगया एवढीच यात्रा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात करावी. गोरखपूरपर्यंत रेल्वेने, पुढे दोन चालकांच्या, नेपाळचा विमा असलेल्या गाडीने, आणि सूर्यास्तानंतर गाडी न हाकण्याच्या लेखी अटीवर. संयोजक हे लिहून देत असेल तर उरलेली रक्कम द्यावी. देत नसेल तर इसार परत मागावा, आणि आठ-दहा कुटुंबांनी मिळून स्वतः जावे; सोनौलीस भाड्याच्या गाड्या मिळतात व लुंबिनीत अनेक देशांच्या विहारांची राहण्याची सोय आहे. रेल्वेचे आरक्षण हल्ली साठ दिवस आधी खुले होते. त्या सकाळी खिडकी उघडण्यापूर्वी कोणीतरी नाशिकरोडला उभे राहावे लागेल.